नावाबद्दल, पान पहिलं

आधी हे सांगते : ही आद्याक्षरं नाहीत.
सिम्युलेशनचा स, लँग्वेजचा ल,
असं काही त्यात दडवलेलं नाही.
ट्रॉम्सोच्या परिषदेत एका गृहस्थाने चारही अक्षरं फोडून
त्यांचा अर्थ मला, मलाच, फळ्यावर लिहून दाखवला.
चांगला होता. मी उतरवून घेतला.

सिल्द म्हणजे पूल.
माझ्या भाषेत, एस्टोनियनमध्ये, पूल. बाकी काही नाही.

आणि नोकरी लागली ती नेमकी बूडोला,
जिथे सिल्द म्हणजे हेरिंग मासा.
शेवटचा द इथे कोणी उच्चारतही नाही,
सिल् म्हणतात, आणि भूक लागल्यासारखे हसतात.
पहिल्याच आठवड्यात माझ्या दारावर
कागदाचा मासा चिकटवलेला,
खवल्यांच्या जागी बरोबरची चिन्हं.
ओड्वारचं काम, मागून कळलं.
चिडले होते, तरी काढला नाही.

पूल का, तेही लिहायला हवं.
तार्तूला नदीवर एक दगडी पूल होता, युद्धात गेला.
माझ्या वडिलांच्या जन्माआधीच गेला.
तरी ते म्हणायचे, "सहा वाजता पुलापाशी ये."
मी जायचे. नदी असायची, वारा असायचा,
समोरासमोर ताटकळलेले दोन काठ.
आणि सहाला वडील यायचे.
म्हणजे नाव खोटं नव्हतं.

इतर भाषांत बरोबरचं चिन्ह हुकूम सोडतं :
उजवीकडचं उचल, डावीकडे नेऊन टाक.
टाकलं की संपलं, मागे वळून कोणी बघत नाही.
सिल्दमध्ये ते नुसतं उभं असतं.
दोन आडव्या रेघा, दोन कठडे,
मधून हव्या त्या बाजूने चाला.
पाणी एवढं गार, तर प्राणवायू किती मुरेल, विचारा.
प्राणवायू एवढा मुरलाय, तर पाणी किती गार असेल,
तेही विचारा, त्याच वाक्याला.
कारण कोण, परिणाम कोण, आम्ही ठरवत नाही.
एवढंच म्हणतो की हे दोघं
एकमेकांना धरून आहेत.

हे सगळं मी तुरूनला समजावत होते,
नोव्हेंबरात, दुपारी दोनला दिवे लावून.
तुरून हेरिंगच्या कानातली हाडं मोजते.
भिंगाखाली त्यांना वर्तुळं दिसतात,
झाडाच्या खोडाला असतात तशी, वर्षाला एक.
तिने ऐकून घेतलं, कॉफी संपवली.
"म्हणजे जाळ्यात आले त्यांच्यावरून,
समुद्रात होते किती, हे विचारता येईल?"

मी हो म्हणाले. जरा जोरातच.

तिने आकडे भरले. सिल्दने उत्तर दिलं नाही :
अज्ञातं दोन, समीकरण एक.
मीच लिहिलेला संदेश, माझ्याच तोंडावर.
जाळं किती पकडतं आणि किती सोडून देतं,
हे आम्ही कुठे सांगितलं होतं?

दुसरं समीकरण तिच्या ट्रेमध्ये निघालं.
चारशे हाडं, तांदळाच्या कणीएवढी,
कोण किती वर्षं जाळ्यांतून सुटत राहिलं
त्याचा हिशेब, माशांनी स्वतःच ठेवलेला.
रात्री, म्हणजे दिवे होतेच, तारीख बदलली तेव्हा,
आकडा आला. सोबत चुकीची शक्यताही, मोठी.
तरी कमीच होता. तिने धरला होता त्याहून बराच कमी.
तुरूनने खिडकीबाहेर पाहिलं.
काचेत फक्त आमचीच खोली होती.

या पानावर आधी एक वाक्य होतं :
"अर्थ पूल असा आहे, कृपया मासा समजू नये."
ते आज खोडते आहे.
दारावरच्या कागदाचा एक कोपरा सुटलाय,
टेप लावायला हवी.

उच्चार कसाही करा.
द गिळलात तरी चालेल.